'हरकत नाही'ला माझी हरकत

सिनेमा कसा होता, असं विचारलं की आपल्या बायकांची उत्तरं तीनच. मनापासून आवडला असेल तर "चुकवू नको बाई." अजिबात आवडला नसेल तर "पैसे पाण्यात गेले." आणि राहिलेल्या सगळ्या सिनेमांना, म्हणजे दहातल्या आठांना, एकच ठरलेला शेरा: "एकदा बघायला हरकत नाही." माझी तक्रार या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे.

वाक्य तसं निरुपद्रवी. कुणाला लागत नाही, कुणाशी वाद होत नाही. पण नीट ऐकलं तर त्यात सिनेमाबद्दल एक अक्षरही नाही. काय चांगलं होतं, काय खटकलं, कुठे डोळ्यांत पाणी आलं आणि कुठे आपण मनातल्या मनात "काहीतरीच!" म्हणालो, यातलं काहीच नाही. सांगणारी अडीच तास खुर्चीवर बसून आली, एवढंच कळतं. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी "बरा झाला हो स्वयंपाक" म्हणावं आणि सुनेने 'बरा म्हणजे नेमका कसा' याचा विचार करत रात्रभर पडून राहावं, तशी गत.

आपल्याला पारख नाही म्हणावं, तर तसंही नाही. लग्नाच्या पंगतीत आमटीचा एक भुरका घेतला की शेजारची काकू सांगते, "डाळ घोटलेली नाही, आमसूल जरा जास्त पडलंय, पण फोडणी छान बसलीय." तीन वाक्यांत पदार्थाचा पूर्ण निकाल. त्यात कौतुक आहे, दोष आहे, आणि दोष कुठे आहे तेही आहे. साडीच्या दुकानात तर विचारूच नका. शहापुरी असो की इरकल, पदर हातात घेऊन बाई सांगणार: "काठ सुरेख, रंग उठून दिसतोय, पण पोत विरळ आहे, दोन धुण्यांत जीव जाईल." दुकानदार गप्प. ही पारख आपल्यात कुठल्या शाळेत जाऊन आलेली नाही. रोज हाताळून आली. मग सिनेमागृहातून बाहेर पडतानाच ती कुठे जाते?

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? मधल्या प्रतीचा सिनेमा, बघितला आणि विसरला. मला उलट वाटतं. उत्तम सिनेमा दहा वर्षांत दोनदा येतो आणि अगदी टाकाऊ सिनेमा आपण अर्ध्यात बंद करतो. घरात येऊन राहतो तो मधला. रविवारी दुपारी तोच टीव्हीवर लागतो, प्रवासाच्या बसमध्ये तोच लावतात, लग्नाच्या संगीतात त्याच्याच गाण्यांवर नाच बसवतात. त्याचे संवाद आपल्या बोलण्यात येतात, त्यातली सून आपल्या सुनेच्या शेजारी उभी करून मोजली जाते. जो पाहुणा कधीतरी येतो त्याची चौकशी आपण करतो आणि जो घरातच राहतो त्याला मात्र "असू दे" म्हणतो, हे काही शहाणपणाचं लक्षण नाही.

या बाबतीत मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

पहिली बाजू सिनेमातलं कळणाऱ्यांची. घरोघरी असा एक असतोच, पुतण्या नाहीतर जावई. त्याला इराणी दिग्दर्शकांची नावं पाठ असतात. आपण बायका जमून सिनेमाला निघालो की तो हसतो. "काय काकू, आज रुमाल किती घेतले?" त्याच्या लेखी बायकांचे सिनेमे म्हणजे रडके सिनेमे, आणि त्यावर मत द्यायचं कारणच नाही. मारामारीचा सामान्य सिनेमा बघून आला की मात्र हाच मुलगा कॅमेरा कसा फिरला आणि खलनायकाची भूमिका कुठे कमी पडली यावर तासभर बोलतो. म्हणजे सामान्य सिनेमावर बोलता येतं, हे त्यालाही मान्य आहे. फक्त त्या सिनेमात मोटारी उडाल्या पाहिजेत. एखादी बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काही ठरवत असेल, तर ते बोलण्यासारखं नाही.

याच मंडळींचं दुसरं शस्त्र म्हणजे 'उंबरठा'. बायकांचा सिनेमा म्हटलं की ते १९८२ सालच्या 'उंबरठा'चं नाव घेतात. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून काढलेला, आणि स्मिता पाटीलची सुलभा. महिलाश्रमातल्या नोकरीसाठी घर सोडून गेलेली, परत आलेली, आणि घरात आपली जागा उरली नाही हे बघून पुन्हा निघालेली. मोठा सिनेमा, यात वादच नाही. पण भिशीच्या पैशांतून तिकिटं काढून 'उंबरठा' बघायला गेलेला बायकांचा जथा माझ्या पाहण्यात नाही. त्या सिनेमाचा आपण आदर करतो आणि आदराने लांब ठेवतो. घरात सुनेला ऐकवायला जो सिनेमा वापरला जातो तो 'उंबरठा' नव्हे, 'बागबान'.

आता 'बागबान'चंच घ्या. रवी चोप्रांचा, २००३ सालचा. अमिताभ बच्चन आणि हेमा मालिनी. चार मुलं, निवृत्त झालेले वडील, आणि आई-वडिलांची वाटणी: आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे. गोष्ट नवी नाही. राजा परांजप्यांच्या १९५४ सालच्या 'ऊन पाऊस'मध्ये म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको असेच मुलांत वाटले गेले होते. १९५८ साली पंतलूंनी कन्नडमध्ये 'स्कूल मास्टर' काढला, त्याचाही गाभा हाच. आमच्या सीमाभागातल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही भाषांतले सिनेमे बघितलेले, त्यामुळे 'बागबान' लागला तेव्हा कितीतरी घरांत "हे आम्ही मागेच बघितलंय" अशी वाक्यं निघाली.

'बागबान' मला बघवतो. नवरा-बायको लांबून एकमेकांशी फोनवर बोलतात, तिथे मी दर वेळी थांबते. म्हातारपणीही एकमेकांची ओढ असते आणि ती सांगायला लाजायचं कारण नाही, हे हिंदी सिनेमात इतक्या सरळपणे फारसं कुणी दाखवलेलं नव्हतं. पण त्याच सिनेमात चारही मुलं काळीकुट्ट रंगवलेली आहेत, आणि सुना त्याहून काळ्या. चांगली सून एकच, मानलेल्या मुलाची, तीही पाया पडण्यापुरती. या घरात मुलगी एकही नाही. असती तर गोष्ट अडली असती, कारण आपल्या कितीतरी घरांत आजारी आईच्या उशाशी शेवटी बसलेली असते ती 'परक्याच्या घरी दिलेली' मुलगीच. वडिलांनी जमवलेलं सगळं मुलांवर खर्च केलं, हे सिनेमा सांगतो. आईच्या नावावर जन्मभरात काय जमलं, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. आणि सुटका कशाने होते? वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकाने. ते गाजतं, सत्कार होतो, भाषण होतं. एखाद्या घरातल्या म्हाताऱ्याला पुस्तक लिहिता आलं नाही तर त्यांनी काय करायचं?

हे सगळं बोलायचं सोडून आपण काय केलं? सुनेला शेजारी बसवून 'बागबान' लावणाऱ्या घरी मी स्वतः गेलेली आहे. ज्याने खरं म्हणजे बघायला हवा होता तो मुलगा आतल्या खोलीत झोपलेला, आणि जी सकाळपासून सासऱ्यांची पथ्याची भाकरी वेगळी, औषधांच्या वेळा वेगळ्या सांभाळत होती तिला सासूबाई म्हणतात, "बघितलंस ना? जग असं असतं." ती पोरगी मान हलवून चहा टाकायला उठली. तो सिनेमा निम्मा खोटा आहे, असं त्या खोलीत एका जरी बाईने स्पष्ट म्हटलं असतं, तर तिला तो चहा जरा गोड लागला असता.

आता दुसरी बाजू. ती आपल्यातलीच आहे, म्हणून तिच्याशी भांडणं जास्त जड जातं.

'झिम्मा' आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्याच्या महिनाभर आधी, २२ ऑक्टोबरला, महाराष्ट्रातली थिएटरं निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या अटीवर उघडली होती. पुढे जून २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला आणि 'सैराट'नंतर सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या मराठी सिनेमांत जाऊन बसला. बेळगावात मराठी सिनेमाला मुळात दिवसात एखादाच खेळ मिळणार, तोही अडनिड्या वेळेचा. तरी बायका गेल्या. आमच्या घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची असतात, त्यामुळे सहाचा खेळ म्हणजे सगळ्या दिवसाची ओढाताण. त्यांनी चारच्या आत भाकऱ्या थापून, डबे झाकून ठेवून सिनेमा गाठला. एका रांगेत आजी, सून, नात. असं दृश्य मी 'माहेरची साडी'नंतर बघितलं नव्हतं. तेव्हा १९९१ साली अलका कुबलच्या सोसण्यावर सगळं थिएटर हुंदके देत होतं. तीस वर्षांनी बायका जमल्या त्या हसायला आणि शिट्ट्या वाजवायला. हा फरक लहान नाही, आणि त्याचं श्रेय या दोन्ही सिनेमांना दिलंच पाहिजे.

आणखीही द्यायला पाहिजे. रोहिणी हट्टंगडींनी तरुणपणी 'सारांश'मध्ये म्हाताऱ्या आईची भूमिका केली होती, कारण पडद्यावर बाई म्हातारी दाखवायची असली तरी खरीखुरी प्रौढ नटी नायिका म्हणून कुणाला नको असते. त्याच रोहिणीताईंना, वंदना गुप्तेंना, सुहास जोशींना, निर्मिती सावंतना आपापल्या वयाची, आपापल्या अंगाची बाई होऊन सिनेमाच्या मधोमध उभं राहता आलं. घराबाहेर एकटी न पडलेली बाई परदेशात भांबावते तेव्हा निर्मिती सावंतच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते लिहून देता येत नाही. ते त्या बाईचंच.

पण मग पुढे? 'झिम्मा'त सात बायका, आणि प्रत्येकीच्या गळ्यात सहलीच्या बिल्ल्यासारखं एकेक दुःख अडकवलेलं. ज्या क्रमाने दुःखं कळतात त्याच क्रमाने ती एकेका संभाषणात उलगडतात. त्यांना मोकळं करायला बरोबर एक हसरा, समजूतदार तरुण टूरवाला. सात बायकांनी मिळून आयुष्याची दोन-तीनशे वर्षं काढलेली, आणि मोकळं कसं व्हायचं याची वाट दाखवणार हा मुलगा! सिनेमाचा जीव सगळा सहलीत आहे. विमानातून उतरल्यावरची सोमवारची सकाळ त्याच्या हिशेबात जवळजवळ नाही. 'बाईपण भारी देवा'त सहा बहिणी, सहा घरं, सहा दुखणी, आणि औषध म्हणाल तर एकच: मंगळागौरीच्या स्पर्धेत एकत्र नाचा. मंगळागौर आमच्यात पुजत नाहीत, पण श्रावणात फुगड्या आणि झिम्मा आम्हीही घातलेत. खेळून अंग हलकं होतं, हे मला ठाऊक आहे. अंग हलकं झालं म्हणजे घरातलं मिटलं असं नसतं, हेही ठाऊक आहे.

हे मी बोलून दाखवलं की मैत्रिणी नाराज होतात. "अगं, आपल्यावर कधी नव्हे ते सिनेमा काढलाय कुणीतरी. त्यालाही नावं ठेवलीस तर पुढे काढणार कोण?" या म्हणण्यात भीती आहे, आणि ती खोटी नाही. मराठी सिनेमाचं गणित नाजूक असतं, हे मलाही कळतं. पण जरा विचार करा. चुका दाखवल्या म्हणून भाकरी करायचं कुणी सोडलंय का? उपकार समजून घेतलेल्या वस्तूचा कस लावता येत नाही. आपण तिकीट काढून गेलो. काही जणी बस करून गेल्या. उपकार झाले असतील तर ते दोन्हीकडून झालेत. ज्यांच्या पैशांवर हे सिनेमे उभे राहिले त्या बायकांनी तोंड उघडलं, तर पुढच्या सिनेमाचं भलंच होईल.

हे सिनेमे मधल्या प्रतीचे का होतात, याचंही एक कारण मला थिएटरातच दिसलं. सासू आणि सून एकाच रांगेत बसलेल्या असतात. तिकिटं बहुधा एकीने काढलेली असतात आणि परत एकाच रिक्षाने जायचं असतं. अशा रांगेला खूश ठेवायचं तर सासूला राग येता कामा नये आणि सुनेला वाईट वाटता कामा नये. नवऱ्याचा दोष दाखवायचा, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याला एक चांगलं वाक्य द्यायचं, म्हणजे रिक्षात कुणाचं तोंड वाकडं होत नाही. अशाने सिनेमा सगळ्यांना चालतो. मात्र जिथे कुणीतरी दुखावलं जाणार, नेमकी तीच जागा तो गुळाने लिंपून टाकतो. मधल्या प्रतीच्या सिनेमाचा दोष बहुतेक वेळा अभिनयात नसतो, गाण्यांत नसतो. बाईने काहीतरी ठरवायची वेळ येते, तिथे तो असतो. तेवढी एक जागा दरवेळी कच्ची राहते, आणि आपण म्हणतो, हरकत नाही.

त्या कच्च्या जागेबद्दल सांगते. 'बाईपण'नंतरच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात त्याच सिनेमाचा विषय होता. ठरलेली वाक्यं झाली. छान होता, वंदना गुप्ते काय नाचल्या, एकदा बघायला हरकत नाही. कोपऱ्यात एक अक्का बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, कधी फारशा न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आम्ही चौघी बहिणी. वडील गेल्यावर भावाच्या नावाने हक्क सोडायला चौघी एकदम गेलो होतो. तिघींनी सह्या केल्या. धाकटीने केली नाही. मला माझा वाटा हवाय म्हणाली. त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं आम्ही तिच्याशी बोललो नाही. नाचून कसं मिटायचं ते काय सिनेमावाल्यांनी नीट दाखवलं नाही बघा."

खोली गप्प झाली. सिनेमावर त्या दिवशी झालेलं सगळ्यात नेमकं बोलणं हे होतं. बहिणींमधला अबोला कशाने पडतो आणि तो नुसता एकत्र येऊन का सुटत नाही, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. पण कुणीतरी घाईने म्हणालं, "अक्का, सिनेमा आहे हो. तेवढ्यापुरतं बघायचं आणि सोडून द्यायचं." दुसरीने चहाचा ट्रे पुढे केला. विषय गेला.

मी दुसऱ्या दिवशी अक्कांच्या घरी गेले. आम्ही बराच वेळ बोललो, सिनेमाबद्दलही आणि धाकटीबद्दलही. ती बहीण निपाणीला असते, बसने दोन तासांच्या आतलं अंतर. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलांबरोबरीचा वाटा १९९४ साली आला, केंद्राच्या कायद्यात तो २००५ साली आला, आणि हिंदू वारसा कायदा आपल्या जैन घरांनाही लागू आहे. धाकटीने मागितलं ते कायद्याने तिचंच होतं. तरी आपल्या घरांत वाटा मागणारी मुलगी म्हणजे माहेर तोडणारी, आणि सही करणारी म्हणजे गुणाची. अक्कांनी मला विचारलं, "सिनेमात ती थोरली बोलायला आधी जाते की धाकटी?" मी सांगितलं, तुम्हाला आठवतं तेच खरं धरा. त्या हसल्या नाहीत. पुढे काय झालं ते त्यांचं त्यांच्यापाशी.

मला यातून एवढंच सांगायचंय. 'बाईपण भारी देवा' हा सिनेमा परिपूर्ण असता, तर अक्का कदाचित डोळे पुसून घरी गेल्या असत्या. त्यात बोलायला जागाच उरली नसती. तो जिथे उणा पडला तिथे त्यांना स्वतःची गोष्ट दिसली. "असं नसतं बाई, कसं असतं ते मी सांगते," असं त्यांच्या आतून आलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. सदोष पण बघण्याजोग्या सिनेमाचा हाच मोठा उपयोग आहे. त्याची उणी जागा म्हणजे आपल्याला बोलायला मिळालेली जागा. "हरकत नाही" या दोन शब्दांनी आपण तीच बुजवून टाकतो, आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणतो.

आमच्या मंडळात याच समजूतदारपणाला कधी कधी अनेकान्ताची शाल पांघरतात. "प्रत्येकाची आपापली दृष्टी. तुझंही बरोबर, तिचंही बरोबर. कशाला वाद?" पाठशाळेत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सगळ्याच शिकलोय. पण त्या गोष्टीत कुणीही "हत्ती बरा आहे" असं म्हणत नाही. एक म्हणतो खांबासारखा, एक म्हणतो सुपासारखा. प्रत्येक जण हाताला लागलं ते स्पष्ट सांगतो, त्याची चूक एवढीच की तेवढ्यालाच तो पूर्ण हत्ती समजतो. स्याद्वादातलं 'स्यात्' म्हणजे गुळमुळीत 'कदाचित' नव्हे. त्याचा अर्थ आहे 'अमुक एका अपेक्षेने'. कुठल्या अपेक्षेने आहे आणि कुठल्या अपेक्षेने नाही, हे सांगायची त्यात सक्ती आहे. तेव्हा ज्यांना अनेकान्त पाळायचा आहे त्यांनी खुशाल पाळावा. 'झिम्मा' अभिनयाच्या अपेक्षेने उत्तम, मोकळ्या हसण्याच्या अपेक्षेने गोड, आणि घरी परतल्यानंतरच्या जगण्याच्या अपेक्षेने पोकळ. 'बागबान' नवरा-बायकोच्या प्रेमाच्या अपेक्षेने खरा, सुनांच्या अपेक्षेने अन्यायाचा. बघा, वादही झाला नाही आणि मतही सांगून झालं.

आणखी एक आक्षेप नेहमीचा. "दिवसभर राबून दोन घटका विरंगुळ्याला जातो, तिथेही डोकं चालवायचं का?" विरंगुळ्याला माझा विरोध नाही. मीही पाय वर घेऊन, चुरमुऱ्यांचं वाडगं घेऊन सिनेमा बघते. पण डोकं चालवलं की मजा जाते, हे कुणी ठरवलं? साडीच्या दुकानात तीन तास पोत बघण्यात आणि भाव करण्यात आपल्याला केवढी मजा येते! दमलेली बाई तिथे सगळ्यात ताजी होते. दमवतं ते डोकं चालवणं नव्हे. मनात एक आणि तोंडात एक ठेवून घरी येणं दमवतं.

आणि ही सवय सिनेमापुरती राहत नाही, म्हणून मी एवढी चिडते. "सिनेमा कसा होता?" "बरा." "तब्येत कशी आहे?" "चाललंय." "सुनेचं कसं आहे?" "हरकत नाही." "लेक सासरी सुखात आहे ना?" "तसं बरंय." लेकीच्या सासरबद्दल 'तसं बरंय' म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा नक्की ठाऊक असतं, तिथे काय बरं आहे आणि काय नाही. पण नेमकं सांगायची सवय मोडलेली असते. ती सवय एकदम लेकीच्या सासरपासून लावायला कुणी सांगणार नाही. तिथे खूप काही पणाला लागलेलं असतं. सिनेमात काही पणाला लागत नाही. तिथे चुकलं तरी कुणाचं घर मोडत नाही. म्हणून हा सराव सिनेमापासून सुरू करायला सोपा.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. पुढच्या वेळी मंडळाने बस करून सिनेमा बघितला की दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्याला द्यायचा. प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या. काय आवडलं, नाव घेऊन: कुठला प्रसंग, कुणाचं काम. कुठे खोटं वाटलं, तेही नेमकं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: ते खोटं वाटलं, कारण आपल्याकडे तसं घडत नाही, तर मग कसं घडतं? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना कुणाचा आवाज कापला, तर मध्ये बोलायचं नाही. "सिनेमा आहे गं" असं तर मुळीच म्हणायचं नाही.

आणि त्या दिवशी चहा जरा उशिरा आणायचा.